सिरियस पेशंट, पण जनरल वॉर्डात

[दृश्य: भिंतीला साखळीने बांधलेला ऑक्सिजन सिलिंडर. गेजचा काटा जवळून.]

हा मोठा सिलिंडर. पूर्ण भरलेला असला तर यात साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण न्यूमोनियाने धाप लागलेल्या एका मोठ्या माणसाला मिनिटाला १० लिटर लावला की हिशोब होतो ७०० मिनिटांचा, म्हणजे पावणेबारा तास पण नाही. रात्री आठला लावला तर सकाळी आठच्या आत रिकामा. एका पेशंटला दिवसाला दोन. आणि तो संपायच्या आधी कोणीतरी काट्याकडे बघायला हवं, दुसरा भरलेला ढकलत आणायला हवा, आणि व्हॉल्व उघडायचा पाना जागेवर सापडायला हवा, जो बरेचदा नेमका बाजूच्या वॉर्डात गेलेला असतो.

सिरियस पेशंट वाचणार की नाही, हे बऱ्याच हॉस्पिटलांत अशा गोष्टींवर ठरतं. व्हेंटिलेटरचा नंबर त्यानंतर लागतो.

[दृश्य: लांबलचक जनरल वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा.]

आता पहिली गोष्ट ही की हे पेशंट आयसीयूत नसतातच. आफ्रिकेतल्या २२ देशांतल्या १८० हॉस्पिटलांत एक मोठी पाहणी झाली, निकाल २०२५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. जवळपास २०,००० पेशंट तपासले, त्यात आठातला एक क्रिटिकल निघाला, म्हणजे बीपी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध यातलं काहीतरी धोक्याच्या पलीकडे गेलेलं. आणि या क्रिटिकल लोकांपैकी ६९ टक्के साध्या वॉर्डात पडून होते. आठवड्याभरात त्यांच्यातला पाचातला एक गेला, बाकीच्या पेशंटमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज होती त्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांनाच तो मिळत होता. ऑक्सिजन! हार्ट-लंग मशीनबद्दल नाही बोलत आपण.

बरं, आयसीयूत पोचले म्हणून सुटले असंही नाही. कोविडच्या काळात १० आफ्रिकन देशांतल्या ६४ हॉस्पिटलांचा अभ्यास झाला होता, आयसीयू किंवा हाय-केअरमध्ये घेतलेल्या कोविडच्या पेशंटपैकी ४८ टक्के ३० दिवसांत गेले. जगाची सरासरी तेव्हा ३१ टक्क्यांच्या आसपास धरली जात होती. आजार तोच.

[दृश्य: कोपऱ्यात कव्हर घातलेलं मशीन, वर धूळ.]

मग लगेच सगळ्यांच्या डोक्यात येतं की मशिनं द्या. दिली जातात की! १६ देशांतल्या एक लाखाहून जास्त उपकरणांची मोजदाद २०११ साली छापून आली, त्यातली ३८ टक्के बंद होती. कुठे एक सेन्सर मिळत नाही, कुठे व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड जळालाय, कुठे मॅन्युअल भलत्याच भाषेत आणि इंजिनिअर यायला महिने. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचंच घ्या, फार हुशार यंत्र, खोलीतल्या हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या दाण्यांमध्ये अडकवतं आणि ९० टक्क्यांच्या पुढचा ऑक्सिजन बाहेर सोडतं, सिलिंडर आणायची भानगडच नाही. पण त्याला लाईट लागते, आणि मागचा स्पंजचा फिल्टर नियमित धुवावा लागतो, आणि हे काम कोणाचं ते ठरलेलं नसलं की कोणीच करत नाही आणि आतून बारीक धूळ बसून यंत्र गपचूप कमी शुद्धतेचा गॅस देत राहतं. नळीतून हवा येतेय, बुडबुडे दिसतायत, सगळे निर्धास्त.

[दृश्य: जुने फोटो, लोखंडी फुप्फुसाचं यंत्र.]

थोडं मागे जाऊ. १९५२, कोपनहेगन. पोलिओची साथ प्रचंड मोठी, आणि ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वास थांबलेल्या पेशंटसाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच यंत्रं होती. सुरुवातीला असे पेशंट दहातले जवळपास नऊ जात होते. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने काय केलं, तर एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालून घेतली आणि रबरी फुगा हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. मग सुमारे १५०० मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून, तासन्‌तास, दिवसरात्र असे फुगे दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याखाली आलं. ज्याला आज आपण आयसीयू म्हणतो तो तिथून सुरू झाला, आणि तेव्हा तिथेही साधनं नव्हतीच, होती ती फक्त खाटेजवळ न हलता बसलेली माणसं.

[दृश्य: सलाईनची बाटली, थेंब पडताना.]

आता थोडं अवघड. श्रीमंत हॉस्पिटलात चालतं ते तसंच उचलून गरीब हॉस्पिटलात ठेवलं तर? ज्या आजारी मुलांचं रक्ताभिसरण मंदावलंय त्यांना सलाईन पटकन भरपूर द्या, हे पाठ्यपुस्तकात होतं, सगळीकडे शिकवलं जायचं. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३००० हून जास्त मुलांवर याची नीट तपासणी झाली, निकाल २०११ ला आला. ज्यांना भराभर सलाईन दिलं त्यातली साडेदहा टक्के मुलं ४८ तासांत गेली. ज्यांना दिलं नाही त्यातली ७.३ टक्के. म्हणजे उपचारानेच जास्त गेली. बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास बसेना.

मग झांबियात मोठ्या माणसांवर, सेप्सिसच्या पेशंटवर, म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून बीपी पडलेल्यांवर असंच झालं. २०१७. सलाईन, बीपी वाढवायचं औषध, रक्त, असा नेमून दिलेला प्रोटोकॉल वापरला तिथे ४८ टक्के मृत्यू, आणि नेहमीची ट्रीटमेंट मिळाली तिथे ३३. यातले बहुतेक पेशंट एचआयव्ही असलेले, आधीच खंगलेले. एक कारण असं सांगितलं जातं की जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरलं तर मोठ्या आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळून घेतो, इथे सांभाळायला कोणी नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण गरीब हॉस्पिटल म्हणजे श्रीमंत हॉस्पिटलची छोटी झेरॉक्स असं धरून बरीच धोरणं आखली जातात आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

[दृश्य: खाटेला अडकवलेला चार्ट. बोट एकेका ओळीवरून.]

हा चार्ट बघा. सकाळी सहा, श्वास २०. दहा वाजता २०. दोनला २०. शेजारच्या खाटेवरही २०, त्याच्या पलीकडे २०. अख्ख्या वॉर्डाचा श्वास एका तालात चाललाय! कोणी मोजलेलाच नाही हो. श्वास मोजायला पेशंटच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि रात्री एका नर्सकडे चाळीस खाटा असल्या तर चाळीस मिनिटं फक्त त्यातच जातात, इंजेक्शनं कधी द्यायची? नर्सला दोष देणं फार सोपं आहे. मोठ्या आयसीयूत एका नर्सकडे एक, फार तर दोन पेशंट असतात. पण पेशंट ढासळायला लागला की बरेचदा श्वास आधी वाढतो, बीपी नंतर पडतं, तेव्हा हाच आकडा खोटा असला की काही तासांची संधी हातातून गेली.

टांझानियात दार-ए-सलामच्या मुहिंबिली हॉस्पिटलच्या आयसीयूत एक साधा नियम केला होता, चार्टवर आकडा लाल रेषेपलीकडे गेला की नर्सने वाट न बघता ठरलेली कृती लगेच सुरू करायची, ऑक्सिजन लाव, सलाईन लाव, डॉक्टरला बोलव. बीपी पडलेल्या अवस्थेत आलेल्यांमधले मृत्यू ९२ टक्क्यांवरून ६९ वर आले. सगळे पेशंट मिळून आकडा मात्र फारसा हलला नाही, हेही सांगायला हवं.

पापुआ न्यू गिनीत पाच हॉस्पिटलांना बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि कॉन्सन्ट्रेटर दिले, सोबत ट्रेनिंग आणि दुरुस्तीची सोय, तर न्यूमोनियाच्या मुलांमधला मृत्यूचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. ऑक्सिमीटरचीही एक गोम आहे, सावळ्या त्वचेवर तो कधीकधी आकडा जास्त दाखवतो, म्हणजे ऑक्सिजन ९३ टक्के दिसला तरी पेशंट धापा टाकत असेल तर पेशंटवर विश्वास ठेवा.

[दृश्य: पाण्याच्या बाटलीत बुडालेली नळी, बुडबुडे.]

आणि ही बाटली. बबल सीपॅप. बाळ श्वास सोडतं ती नळी पाण्यात काही सेंटिमीटर बुडवायची, तेवढ्या दाबाने फुप्फुसं उघडी राहतात. ढाक्यात शॅम्पूच्या बाटलीपासून बनवलेला सेट वापरून ट्रायल झाली, साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं गेली होती, बाटलीवर ४ टक्के. सगळीकडे कौतुक झालं. मग तसाच उपाय मलावीच्या एका जिल्हा हॉस्पिटलात, जिथे डॉक्टर रोज बघायला नसायचे, आणि तिथे उलटं झालं, सीपॅपवर १७ टक्के आणि साध्या ऑक्सिजनवर ११. मुलंही जास्त नाजूक होती, कुपोषित, काही एचआयव्ही असलेली. पण सीपॅपमध्ये पोट फुगतं, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, नळी नाकातून सरकते, आणि हे बघायला माणूस लागतो.

त्यानंतर इथिओपियातल्या १२ हॉस्पिटलांत परत करून बघितलं, यावेळी डॉक्टर आणि नर्स दोघांना ट्रेनिंग देऊन, पाठीशी देखरेख ठेवून. २०२४ ला निकाल आला, सीपॅपच्या बाजूला मृत्यू कमी. आता अडतं ते बदल्यांवर, कारण शिकलेली नर्स दुसऱ्या विभागात जाते, नवी येते तिला कोणी दाखवत नाही, आणि ट्रेनिंगच्या रजिस्टरमध्ये सह्या मात्र सगळ्यांच्या असतात. त्यातलं आज रात्रीच्या ड्युटीवर कोण आहे, हे अशा प्रत्येक वॉर्डात विचारायला हवं.