समुद्राचे प्रवाह आणि हिमनद्या मिळून पृथ्वी गार करतील का?

तापमानवाढीचा जगाचा नकाशा बघितला तर जवळपास सगळा लाल-केशरी दिसतो, फक्त ग्रीनलँडच्या दक्षिणेला, अटलांटिकमध्ये, एक निळा डाग आहे. गेल्या शंभरेक वर्षांत बाकी जग तापत गेलं आणि हा भाग मात्र थोडा गार झाला. मग प्रश्न पडतोच ना, की बर्फ वितळून समुद्राचे प्रवाह बिघडले तर सगळी पृथ्वीच गार व्हायला लागेल का, म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग आपोआप उलटं फिरेल का? प्रश्न बिनबुडाचा नाहीये अजिबात, असं काहीसं आधी घडलेलं आहे.

आधी प्रवाह समजून घेऊ. अटलांटिकमध्ये उष्ण भागातलं खारट, कोमट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जातं, तिथल्या हवेला उष्णता देऊन गार होतं, गार आणि खारट झालं की जड होतं आणि खाली बुडतं, मग दोन-तीन किलोमीटर खोलीवरून परत दक्षिणेला येतं. शास्त्रज्ञ याला अ‍ॅमॉक म्हणतात. २००४ पासून रॅपिड नावाच्या प्रकल्पात अटलांटिकच्या आरपार यंत्रं लावून हा प्रवाह मोजतायत, तो सरासरी सेकंदाला साधारण १ कोटी ७० लाख घनमीटर भरतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या दहाव्या भागाइतक्याही होत नाहीत. आणि अटलांटिकमधून उत्तरेकडे जाणारी उष्णता, ती तर सगळी माणसं मिळून जेवढी ऊर्जा वापरतात त्याच्या पन्नास पटीहून जास्त आहे!

आता गंमत अशी की हे सगळं मिठावर अवलंबून आहे. उत्तरेत गोडं पाणी जास्त आलं, मग ते पावसाचं असो की वितळलेल्या बर्फाचं, तर वरचं पाणी हलकं होतं, बुडत नाही, आणि प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावला की दक्षिणेकडून खारट पाणी यायचं कमी होतं, त्यामुळे तो अजून मंदावतो. १९६१ मध्ये हेन्री स्टॉमेल या समुद्रशास्त्रज्ञाने फक्त दोन कप्प्यांचं साधं गणित मांडून दाखवलं होतं की असा प्रवाह दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकतो. म्हणजे तो नेहमी हळूहळूच बदलेल असं नाही, एका मर्यादेनंतर तो एका स्थितीतून दुसरीत पडू शकतो.

साधारण १२,९०० वर्षांपूर्वी तसंच काहीसं झालं. पृथ्वी हिमयुगातून बाहेर येत होती, उत्तर अमेरिकेवरचा प्रचंड बर्फ वितळत होता, आणि मधेच उत्तर अटलांटिकच्या आजूबाजूला पुन्हा कडाक्याची थंडी आली ती जवळजवळ १,२०० वर्षं राहिली. या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. वितळलेलं पाणी समुद्रात नेमकं कुठल्या वाटेने गेलं यावर आजही वाद आहेत, पण प्रवाह मंदावल्याच्या खुणा समुद्राच्या गाळात सापडतात. हा काळ संपला तेव्हा ग्रीनलँडचं तापमान काही दशकांतच दहा अंशांच्या आसपास वर गेलं. काही दशकांत, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या वेळात.

हिमनद्यांचीही स्वतःची चाल असते, त्या काय फक्त वितळून गप्प बसत नाहीत. १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख यांनी अटलांटिकच्या तळातल्या गाळात दगडगोट्यांचे थर दाखवले, ते समुद्राने आणलेले नव्हते, हिमनगांनी जमिनीवरून खरवडून आणून टाकलेले होते. हिमयुगात उत्तर अमेरिकेवरचा बर्फ अधूनमधून हडसन सामुद्रधुनीतून धडाधड घसरून समुद्रात जायचा आणि हिमनगांचे तांडेच्या तांडे सुटायचे, ते वितळले की तेच गोडं पाणी आणि प्रवाह पुन्हा मंद.

त्याच्याही आधी, १९६४ मध्ये ए. टी. विल्सन यांनी अशी कल्पना मांडली होती की अंटार्क्टिकाचा बर्फ एकदम घसरून समुद्रावर पसरला तर पांढऱ्या पृष्ठभागामुळे ऊन परत फेकलं जाईल आणि हिमयुग सुरू होईल. १९५६ मध्ये यूइंग आणि डॉन यांचं उलट म्हणणं होतं, उत्तर ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ गेला की बाष्प वाढेल, बर्फवृष्टी वाढेल आणि त्यातून हिमयुग येईल. विचार दोन्ही गांभीर्याने केलेले होते, पण हिमयुगांचं कारण म्हणून ते टिकले नाहीत.

मग प्रवाह बिघडला तरी सगळी पृथ्वी का गार होत नाही? तेच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. समुद्र उष्णता हलवतो, संपवत नाही. एका हंड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतलं म्हणून घरातलं पाणी कमी होत नाही, तसंच आहे हे. यंगर ड्रायसमध्ये उत्तर गारठली तेव्हा अंटार्क्टिका तापत होती, जुन्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत हे स्पष्ट दिसतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही त्या काळात वाढत होता. पृथ्वीचं एकूण तापमान ठरतं ते किती ऊन आत आलं आणि किती उष्णता बाहेर गेली यावर. समुद्री बर्फ पसरला तर परत जाणारं ऊन थोडं वाढतं, त्यामुळे सरासरी थोडी खाली येऊ शकते हे खरं, पण हिमयुगात कार्बन डायऑक्साइड १८० ते २०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) आसपास होता, औद्योगिक काळाआधी २८०, आणि आता ४२० च्या पुढे आहे. एवढं ओझं एक प्रवाह थांबल्याने उतरत नाही.

उलट काही ठिकाणी गारवाच पुढची उष्णता साठवतो. अंटार्क्टिकाभोवती वितळलेलं गोडं पाणी वर पसरतं, वरचा थर गार राहतो, पण खालचं कोमट पाणी वर येऊन उष्णता सोडू शकत नाही, ते तसंच खालून पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्ससारख्या हिमनद्यांचा पाया खात राहतं. वरून बघणाऱ्याला वाटेल थंडी वाढतेय, आणि खाली बर्फ पातळ होत चाललेला असतो.

ग्रीनलँडची याकोबशाव्हन हिमनदी बघा. २०१२ च्या सुमारास ती जगातल्या सगळ्यात वेगवान हिमनद्यांपैकी होती, मग २०१६ नंतर ती मंदावली आणि पुढच्या टोकाला जाडही झाली, कारण तिच्यापर्यंत पोचणारं समुद्राचं पाणी काही वर्षं गार होतं. त्या बातमीवरून लगेच तापमानवाढ थांबली असं म्हणणारे लोक निघाले. पण त्याच काळात ग्रीनलँडचा एकूण बर्फ घटतच होता, वर्षाला सरासरी अडीचशे अब्ज टनांहून जास्त. एका हिमनदीने दम घेतला म्हणजे सगळं ठीक झालं असं होत नाही.

मग प्रवाह थांबला तर घाबरायचं कारण नाही का? आहे ना, चांगलंच आहे. मॉडेल्समध्ये वायव्य युरोपचे हिवाळे खूपच थंड होतात, उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो, म्हणजे आशिया आणि आफ्रिकेतल्या मान्सूनवर जगणारे कोट्यवधी लोक अडचणीत, आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राची पातळी बाकी जगापेक्षा जास्त वाढते. दक्षिण गोलार्ध मात्र तापतच राहतो. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात प्रवाह मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे, २१०० आधी एकदम कोसळणार नाही असं ते मध्यम खात्रीने म्हणतात. त्यानंतर आलेल्या काही अभ्यासांनी ही खात्री जास्तच धरलीय असं म्हटलंय.

सगळ्यात मोठी अडचण अशी की थेट मोजमापाची दोन दशकंच हातात आहेत, आणि हा प्रवाह नैसर्गिकरित्याही वर्षावर्षाला बराच वरखाली होतो, त्यामुळे खरी घसरण कुठली आणि नेहमीचा चढउतार कुठला हे एवढ्या डेटातून नीट वेगळं काढता येत नाही. म्हणून रॅपिडची ती यंत्रं समुद्रात राहायला हवीत, त्यांचे पैसे दर काही वर्षांनी कापायचा विचारसुद्धा व्हायला नको, आणि ग्रीनलँडवरून वितळून येणारं पाणीही त्याच्या जोडीला सतत मोजलं गेलं पाहिजे.