पाऊस गेला! हिवाळ्याच्या परसबागेत बी टाकायची घाई करू नका

नमस्कार मंडळी. चवथ झाली, दसरा झाला, आणि पाऊस आता संध्याकाळी गडगडाट करून जाण्यापुरता उरलाय. गोव्यात परसबागेत उतरायची हीच वेळ.

परदेशातले 'हिवाळ्यासाठी बाग तयार करा' असले व्हिडिओ बघाल, तर ते लोक झाडं गोणपाटात गुंडाळतात, कंद उकरून घरात नेतात. आपल्याला त्यातलं काहीच नको. पणजीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास असतो, वाळपईकडे अजून थोडा उतरतो. ही थंडी झाडं मारत नाही, उलट भाजीचा खरा हंगाम तोच. आपली तयारी असते ती पावसाने मातीचं जे करून ठेवलंय, ते निस्तरायची.

(कॅमेरा वाफ्यावर)

हा वाफा बघा. वर हिरवं शेवाळ आणि खाली अंगठासुद्धा रुतत नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी. त्यात चुना, मॅग्नेशियम, पालाश सगळं पाण्याबरोबर धुऊन जातं. अशा मातीत लगेच बी टाकलं की रोपं पिवळी पडतात आणि आपण बियाणेवाल्याला शिव्या घालतो.

तेव्हा आधी कुदळ. माटोळीला, म्हणजे चवथीत गणपतीवर टांगायच्या फळभाज्यांना, दोडकी, काकडी देऊन दमलेले वेल उपटा, वीतभर खणा, ढेकळं चार-पाच दिवस उन्हात पडू द्या. मग चुना. किती घालायचा हे अंदाजाने ठरवू नका, विभागीय कृषी कार्यालयात विचारून माती तपासून घ्या. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चुना आणि शेणखत एकाच दिवशी कधीच नाही. दोन्ही एकत्र आले की शेणखतातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं. चुन्यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग खत.

खताचा ढीग उलटताना हात जपून घाला. बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा. त्या गेंडा भुंग्याच्या. मोठा झाला की हाच भुंगा तुमच्या माडाचा कोंब पोखरतो.

आता वांगी, मिरची, टोमॅटो लावणाऱ्यांनी इथे थांबा. पावसाळ्यातलं एखादं झाड हिरवंगार असताना अचानक मान टाकून गेलं होतं का? तसंच एक झाड मी आज मुद्दाम ठेवलंय.

(काचेचा ग्लास, जवळून)

खोड जमिनीलगत कापलं आणि कापलेलं टोक स्वच्छ पाण्यात नुसतं टेकवून धरलं. हलवू नका, थोडं थांबा. दिसला? खोडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरतोय. हा मर रोग, जिवाणूंचा. ते मातीतच राहतात आणि फवारणीने जात नाहीत. असं झाड निघालं त्या वाफ्यात यंदा वांगी-मिरची नको. मुळा लावा, तांबडी भाजी (लाल माठ) लावा. वांगी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि रोपं घेताना मर रोगाला दाद न देणारा वाण मागा. जुने गोवेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने असे वाण काढलेत.

रोपं मात्र आत्ताच टाकायची, छपराखाली, ट्रेमध्ये. कोबी, नवलकोल, वांगी साधारण महिन्याभरात लावणीला येतात, मिरचीला आठवडाभर जास्त लागतो. म्हणजे इकडे माती तयार होईपर्यंत तिकडे रोपं तयार. खोल गावच्या मिरचीचं बी मिळालं तर ठेवून द्या. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही काणकोणची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर घेतात, हिवाळ्याच्या वाफ्यासाठी नाही.

तांबड्या भाजीचं बी थेट वाफ्यात, पण अवकाळी सर येत असेल तर थांबा. बी खसखशीएवढं, एका सरीत वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. बी वाळूत मिसळून भुरभुरा, वर मातीचा अगदी पातळ थर. आणि मुंग्या! रात्रीत अर्धं बी घेऊन जातात. त्यासाठी बियांत मूठभर रवा मिसळायचा. मुंग्या रवा उचलत बसतात, तोवर बी रुजून येतं. तीन-चार आठवड्यांत पहिली जुडी उपटता.

पालापाचोळा जाळू नका, एवढं कळकळीने सांगतो. सकाळी सगळ्या वाड्यावर तो धूर... आणि दुपारी तेच लोक वाफा सुकला म्हणून पाइप धरून उभे. ऑक्टोबरचं ऊन उघडी माती दोन दिवसांत तडकवतं. सुकी पानं, भाताचं गवत, चुडतं, जे असेल ते रोपांच्या बुडाशी पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. नारळाची सोडणं माडाच्या आळ्यात पुरायची, पोकळ बाजू वर करून, म्हणजे पाणी धरून राहतं.

हे सगळं पाणी देणं वाफ्यांना आणि माडाला. परसातल्या मोठ्या आंब्याला नाही! पाऊस थांबल्यावर त्याला कोरडं राहू द्या. ताण बसला तरच मोहोर. पाणी मिळालं की नुसती पालवी फुटते. मोहोर येऊन बारीक कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मग बघू.