अर्जुनाने मिशा काढल्या असत्या तर…

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात महाभारतावर बोलायचे म्हणजे जरा जपूनच बोलावे लागते, कारण या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती याच शहरात, भांडारकर संस्थेत, सिद्ध झाली. आज मात्र विषय पाठभेदांचा नसून पात्रनिवडीचा आहे. २ ऑक्टोबर १९८८ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागणारी बी. आर. चोप्रा यांची मालिका ज्यांनी पाहिली, त्यांच्या गप्पांत ‘कोणाच्या जागी कोण शोभला असता’ हा खेळ अजूनही रंगतो.

खेळाला खाद्य मालिकेनेच पुरवले आहे. पंकज धीर यांची निवड आधी अर्जुनासाठी झाली होती. परंतु अज्ञातवासात अर्जुन स्त्रीवेषात राहतो त्या बृहन्नडेच्या प्रसंगासाठी मिशा उतरवण्यास त्यांनी नकार दिला आणि पुढे त्यांच्याकडे कर्ण आला. मराठी वाचक कर्णावर मुळातच जीव टाकणारा, त्यामुळे आमच्यातला कर्णपक्ष त्या मिशांना आजही दुवा देतो. मलाही वाटते, झाले ते बरेच झाले. कारण अर्जुनाला युद्धापूर्वी रथात गळून बसता आले पाहिजे, धनुष्य हातातून निसटू देता आले पाहिजे, आणि ते धीर यांच्या करारी, दुखावलेल्या मुद्रेपेक्षा फिरोज खान यांच्या कोवळ्या चेहऱ्यालाच अधिक साधले.

पुनीत इस्सर यांना देऊ केला होता भीम. त्यांनी दुर्योधन मागून घेतला. भीमाची गदा मग आशियाई क्रीडास्पर्धांत १९६६ आणि १९७० साली थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या प्रवीणकुमार यांच्या खांद्यावर आली. शकुनी झालेले गूफी पेंटल हेच मालिकेच्या पात्रनिवडीचेही काम पाहत होते. तेव्हा फासे ज्याच्या हाती, त्याने हवे ते दान पाडून घेतले, असे म्हणायला पुणेरी जीभ वळवळणारच.

सर्वांत मोठा वाद होतो तो वयांवरून. भीष्म झालेले मुकेश खन्ना यांचा जन्म १९५८ चा, तर त्यांचा नातू भीम साकारणाऱ्या प्रवीणकुमारांचा १९४७ चा. पांढरी दाढी आणि खर्जातला आवाज यांच्या बळावर तिशीतला तरुण पितामह झाला आणि चाळिशीतला पहिलवान त्याच्या पाया पडला, तरी रविवारी सकाळी घरातल्या आजोबांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्यातले एक गृहस्थ मात्र अजून अडून बसले आहेत की, निदान आशीर्वाद तरी भीमाने द्यायला हवा होता.