पहिल्या तपासणीला जाताना

(सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार महिलांपुढे एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण, संपादित.)

मैत्रिणींनो, आणि सुनांना सोबत घेऊन आलेल्या सासूबाईंनो,

पट्टीवर दोन रेघा दिसल्या तरी आपल्याकडे घरात ठरतं, ‘तिसरा लागू दे, मग दाखवू.’ तिसरा लागायची वाट पाहू नका. बाळाचा मेंदू, मणका, हृदय यांची घडण सुरुवातीच्या आठवड्यांतच होते. फोलिक अ‍ॅसिडची गोळी खरं तर दिवस राहायच्या आधीपासूनच हवी. ती राहिली असेल, तर निदान आज सुरू करा. नोंदणी 12 आठवड्यांच्या आत करा असं आशाताई सांगतात, ते याचसाठी.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो तारखेचा. बायका पाळी चुकल्याची तारीख सांगतात. आम्हाला हवी असते शेवटची पाळी ज्या दिवशी आली, त्या पहिल्या दिवसाची. आठवत नसेल तर सण आठवा. ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आली’ एवढं सांगितलंत तरी चालतं. संक्रांत 14 जानेवारीची धरली, तर पाळी 15 जानेवारीची. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की 22 ऑक्टोबर, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. पाळी महिन्याच्या महिन्याला येत नसेल तर हा हिशोब चुकतो, म्हणून तेही सांगा. मग सोनोग्राफीवरून तारीख नक्की करता येते. बाळ पोटात नीट वाढतंय का, हे पुढे सगळं याच तारखेवरून ठरतं.

आता जे सांगायला जीभ अडखळते, त्याबद्दल बोलते. मिश्री. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा लावली जाते. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं, बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, मूल कमी वजनाचं जन्मतं. डॉक्टरांनी विचारलं की मान खाली घालून ‘नाही’ म्हणू नका. कोणी रागावलं तर रागावू दे, पण खरं सांगा, म्हणजे सोडायला मदत करता येईल.

विड्या वळायचं कामही सांगा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर वाकून बसणं. ती धूळ नाकातोंडात जाते. काम थांबवता येत असेल तर थांबवा. हे सोपं नाही, मजुरीवर घर चालतं हे मला ठाऊक आहे. निदान नाकाला फडकं बांधा, उजेडाच्या, वाऱ्याच्या जागी बसा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

लग्न नात्यात झालंय का, मामाशी किंवा आतेभावाशी, हेही सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही. काही आनुवंशिक आजारांची शक्यता अशा जोडप्यांत वाढते. थॅलेसेमियाची रक्ततपासणी तर वेळेवर केलेलीच बरी.

आधी गर्भ पडला असेल, मेडिकलमधून गोळ्या आणून पाडला असेल, तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. सासूबाईंसमोर बोलवत नसेल तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं म्हणा. तो तुमचा हक्क आहे. सासूबाई, तुम्हीही दोन मिनिटं बाहेर बसा, त्यात तुमचा अपमान नाही.

सोबत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. थायरॉइडची, फिटची गोळी मनाने बंद करू नका. पासबुक यासाठी, की मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे 5000 रुपये खात्यात जमा होतात. आणि उपाशी येऊ नका. मुद्दाम उपाशी बोलावलं नसेल, तर भाकरी-चटणी खाऊन, पाणी पिऊन या. रांगेत चक्कर येऊन पडलेल्या मुली मी बघते, त्यातल्या बऱ्याच जणी चहावर आलेल्या असतात.

वजन, बीपी, लघवी आणि रक्त तपासतात. एचबी 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, 7 च्या खाली असेल तर दवाखान्यात दाखल व्हावं लागेल. तुमचा रक्तगट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही तपासायचा, म्हणून त्याला सोबत आणा. एचआयव्हीची तपासणी प्रत्येकीचीच होते, कोणावर संशय म्हणून नव्हे. मुलगा की मुलगी हे विचारू नका. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची खास मोफत तपासणी असते. पण अंगावरून रक्त जायला लागलं, ओटीपोटात एका बाजूला कळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 9 तारीख बघत बसू नका. 108 ला फोन करा आणि त्याच रात्री सिव्हिलला जा.