मुलांच्या हातात नोंदवही द्या

मित्रहो, आपल्या पुरातत्त्व मंडळात तरुण मुलं येत नाहीत, ही तक्रार आज इथे तीनदा ऐकली. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुलं येतात, दुसऱ्यांदा येत नाहीत. का येत नाहीत, ते बघू.

१८७९ साली उत्तर स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेत मार्सेलिनो सान्झ द सौतुओला नावाचे एक हौशी संशोधक जमीन उकरत होते. दगडी हत्यारं हवी होती, म्हणून नजर खाली. सोबत आलेल्या त्यांच्या लहानग्या मुलीनं, मारियानं वर पाहिलं, तर छतभर रानगवे रंगवलेले! ती चित्रं अश्मयुगातली आहेत हे तज्ज्ञांना पटलं नाही, त्यांनी ती खोटी ठरवली. सौतुओला १८८८ मध्ये गेले. कार्तेलाक या फ्रेंच तज्ज्ञानं आपली चूक छापून कबूल केली ती १९०२ मध्ये. काय सापडायला हवं हे मारियाच्या मनात आधीच ठरलेलं नव्हतं, म्हणून तिला ते दिसलं. ही नजर आपल्यात यावी म्हणून मला मुलं हवी आहेत. सभासदांचा आकडा वाढावा म्हणून नव्हे.

आणि आपण त्यांना देतो काय? तासभर स्लाइड दाखवतो, मग पिशव्या उचलायला लावतो. चौदा वर्षांच्या मुलीला कळतं की आपल्याला मदतनीस म्हणून बोलावलंय, अभ्यासक म्हणून नाही.

खापरं धुण्याचंच काम घ्या. आपल्याला ते किरकोळ वाटतं. पण मऊ ब्रशनं माती निघते आणि हाताखाली भांड्याचा काठ उमटतो, तेव्हा शिकवण्यासारखं कितीतरी असतं. काठाच्या वळणावरून तोंडाचा घेर काढता येतो. आतल्या बाजूच्या बारीक समांतर रेघा चाकावरच्या बोटांच्या असतात. बाहेर काजळी असेल तर भांडं चुलीवर चढलेलं असण्याची शक्यता मोठी. हे सगळं मुलांना आधी सांगून टाकू नका, विचारा. उत्तर चुकलं तरी तेच नोंदवहीत लिहू द्या, तारखेसह, स्वतःच्या नावानं. खापर कुठून, कोणत्या थरातून आलं, ही चिठ्ठीही त्यांनाच लिहू द्या. चिठ्ठी हरवली की खापर मुकं होतं, हे एकदा स्वतःच्या हातून घडलं की मूल जन्मात विसरत नाही.

उत्खननाचा हट्ट मुलं धरणारच. तिथे मात्र ठाम राहा. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. परवाना आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय खुरपी लागता कामा नये. मेटल डिटेक्टर घेऊन एकट्यानं भटकणं तर नकोच. पालकांची लेखी संमती, सोबत दोन जबाबदार मोठी माणसं, हे तर हवंच.

जबाबदारी मुलांना पेलत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी लास्कोची गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९४० मध्ये फ्रान्समधल्या चार मुलांना ही चित्रगुहा सापडली. त्यातला सगळ्यात मोठा, मार्सेल राविदा, अठरा वर्षांचा. त्यांनी आपल्या शिक्षकांना गाठलं. मग राविदा आणि त्याचा धाकटा सोबती जाक मार्साल यांनी तोंडाशी तळ ठोकून गुहेची राखण केली. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली तेव्हा वाटाडे म्हणूनही हेच दोघे होते. शोधाचा आनंद एका दिवसाचा. राखण त्यांनी वर्षानुवर्षं केली. मला त्या राखणीचंच जास्त कौतुक वाटतं.

व्याख्यानं बंद करा, असं मात्र मी म्हणत नाही. १९३६ साली चौदा वर्षांच्या मायकेल व्हेंट्रिसनं लंडनमध्ये पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांच्याकडून क्रीट या ग्रीक बेटावरच्या न वाचलेल्या लिपीबद्दल ऐकलं. पेशानं तो वास्तुविशारद झाला, पण ती लिपी डोक्यातून गेली नाही. १९५२ मध्ये ‘लीनिअर बी’ नावाची ती लिपी त्यानं उलगडली. इव्हान्स यांनी आपल्याला न सुटलेलं कोडं मुलांसमोर मांडलं होतं. आपण मात्र मुलांना नेहमी सुटलेलीच कोडी सांगतो.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या बैठकीत धुवायच्या खापरांच्या पिशव्या टेबलावर ठेवा. त्यातली एक, जिचा आपल्याला उलगडा झालेला नाही अशी, मुलांकडे सोपवा आणि त्यांनी लिहिलेलं टिपण मंडळाच्या वार्षिक अहवालात त्यांच्या नावानं छापा.