दहाव्या मात्रेवरचा डग्गा

वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे होळकरांच्या इंदुरात आले आणि त्यांनी पखवाजाची स्वतंत्र परंपरा उभी केली. पुढे याच दरबारात उस्ताद जहाँगीर खाँ यांचा तबलाही गाजला. त्यामुळे इंदूरच्या मराठी घरात तबला शिकणाऱ्या मुलाच्या कानी वादकांचे शब्द अर्थ कळण्याआधीच पडतात.

पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याच्या, कडेची ती चाट, मधला काळा गोल ती शाई, या दोहोंमधली ती लव. एवढे पहिल्याच दिवशी पाठ होते. खरी ओळख लागते ती ‘खाली’ या शब्दाची.

त्रितालाच्या १६ मात्रांत, म्हणजे तालाच्या समान ठोक्यांत, पहिली मात्रा सम असते. पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी येते. नवव्या मात्रेवर मात्र टाळी न देता हात नुसता बाजूला नेतात, हीच खाली, ज्याला आपल्याकडे ‘काल’ असेही म्हणतात. हात नवव्या मात्रेवर हलतो, पण ‘धा तिं तिं ता’ असा प्रचलित ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, कान देऊन ऐकला, तर डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा दहाव्या मात्रेपासून थांबतो आणि ‘ता धिं धिं धा’ मधल्या पहिल्या ‘धिं’वर, म्हणजे चौदाव्या मात्रेवर, परततो, असे लक्षात येते. गायकाला आवर्तनातली, म्हणजे तालाच्या एका फेऱ्यातली, आपली जागा कळते ती या घुमाऱ्याच्या जाण्यायेण्यावरून. म्हणून हा शब्द डोळ्यांपेक्षा कानांनी शिकावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

याच खालीपासून तिहाई उचलता येते. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणणे. ‘तिटकत गदिगन धा’ हा बोल ३ मात्रांचा धरून नवव्या मात्रेवर सुरू केला, तर पहिला ‘धा’ अकराव्या, दुसरा चौदाव्या आणि तिसरा नेमका समेवर पडतो. मध्ये विसावा नसल्याने ही तिहाई बेदम. विसावा ठेवला की ती दमदार होते.

हे ‘तिटकत गदिगन’ मुळात पखवाजाचे खुले, म्हणजे मोकळ्या हाताने वाजवायचे, बोल आहेत. १२ मात्रांच्या चौतालाच्या ठेक्यात शेवटच्या ४ मात्रा त्यांच्याच असतात, आणि तबल्यावर ते वाजू लागले की डाव्या पुडीला कणीक लावलेल्या पखवाजाची भरदार थाप जाणकारांना ऐकू येते.