पेशीतलं कॅल्शियम आणि कर्करोगाची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. कॅल्शियम म्हटलं की हाडं आणि दात आठवतात. आज मात्र बोलायचं आहे ते पेशीच्या आतल्या कॅल्शियमबद्दल, आणि गाठ वाढण्यात त्याचा हात कसा असतो त्याबद्दल.

पेशीबाहेरच्या द्रवात जेवढं मुक्त कॅल्शियम असतं, त्याचा जेमतेम दहा हजारावा भाग पेशीच्या आत असतो. हे आपोआप होत नाही. पेशी ऊर्जा खर्चून कॅल्शियम सतत बाहेर काढते, नाहीतर आतल्या कोठारात भरून ठेवते. आत एवढी सामसूम असते, म्हणूनच थोडं कॅल्शियम शिरलं तरी पेशीला तो निरोप वाटतो. तो आत येतो प्रथिनांच्या बारीक दारांमधून, म्हणजे कॅल्शियम चॅनेलमधून. दार क्षणभर उघडतं, कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि तिथून हुकूम थेट केंद्रकातल्या जनुकांपर्यंत पोचतो. पेशीने विभाजनाला लागायचं की थांबायचं, हे ठरण्यात या हुकमाचा मोठा वाटा असतो.

कर्करोगाच्या पेशीत ही दारं नवी नसतात. बिघडते ती त्यांची संख्या आणि उघडण्याची वेळ. प्रोस्टेटच्या कर्करोगात टीआरपीव्ही-६ हे चॅनेल वाढलेलं आढळतं. स्तनाच्या कर्करोगातली गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. कोठार रिकामं झालं की स्टिम-१ हे प्रथिन पेशीच्या आवरणाकडे सरकतं आणि ऑराय-१ हे चॅनेल उघडतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत ही जोडी कमी केल्यावर कर्करोग इतरत्र पसरणं घटलं. कारण पेशीला जुनी पकड सोडून पुढे सरकताच येईना.

यातही एक पेच आहे. कॅल्शियम फार झालं तर पेशी मरते. म्हणून गाठीतल्या पेशी वाढीपुरतं कॅल्शियम घेतात आणि मरणाचा निरोप दाबून टाकतात. बीसीएल-२ हे प्रथिन त्यांना यात मदत करतं.

हे ऐकून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. रक्तातलं कॅल्शियम शरीर संप्रेरकांच्या मदतीने काटेकोरपणे सांभाळतं. वर सांगितलेला बिघाड पेशीच्या दारात आहे.

मग दारच बंद केलं तर? हृदयही कॅल्शियम चॅनेलवरच चालतं, अडचण तिथेच आहे. मिबेफ्राडिल हे रक्तदाबाचं औषध टी-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल अडवायचं. इतर औषधांशी त्याचं जमेना, म्हणून १९९८ साली ते बाजारातून काढून घेतलं गेलं. पुढे मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर ते पुन्हा आजमावलं गेलं, पण रोज नव्हे. आधी थोडे दिवस मिबेफ्राडिल देऊन पेशींना विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवायचं, मग ते थांबवून टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध द्यायचं, अशी ती आखणी. ती चाचणी छोटी होती, औषध रुग्णांना सोसतं का एवढंच प्रामुख्याने पाहणारी. गाठीवर खरा परिणाम किती होतो, ते मोठ्या चाचण्यांतूनच कळेल.